टायरच्या हवेचा दिवा: टीपीएमएस कसं चालतं, कुठे अडतं आणि त्याची निगा कशी राखायची

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मधोमध उद्गारचिन्ह असा पिवळा दिवा लागला, की बरेच जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर उतरून चाकाला लाथ मारून बघतात, नाहीतर मेनूत शिरून 'रीसेट' दाबतात आणि दिवा घालवतात. लाथेने काहीच कळत नाही. रेडियल टायरची बाजू मुळातच थोडी फुगीर दिसते, त्यामुळे ३३ पीएसआयचा (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) आणि २६ पीएसआयचा टायर शेजारी उभे केले तरी नजरेला फरक चटकन ओळखता येत नाही. रीसेट दाबणं तर त्याहून वाईट. ते का, हे समजायला हा दिवा मुळात कशाच्या जोरावर बोलतो ते आधी बघायला हवं.

दिवा उशिरा लागतो, आणि ते ठरवूनच

टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, १९८६ मध्ये पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत आली. ती सरसकट सगळ्या गाड्यांत पोहोचली ती मात्र कायद्यामुळे. अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला आणि १ सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१२ पासून नव्या मॉडेलना आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती लागू झाली.

या नियमांतला एक आकडा प्रत्येक गाडीवाल्याला माहीत हवा. अमेरिकी नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपीय नियमात ही मर्यादा २० टक्के आहे. तुमच्या गाडीचा दाब ३३ पीएसआय असेल तर पहिल्या हिशेबाने दिवा लागेल सुमारे २४.७ वर, दुसऱ्या हिशेबाने २६.४ वर. म्हणजे टायर २८ पीएसआयवर आठवडेच्या आठवडे चालला, दोन्ही कडा झिजत गेल्या, इंधन जास्त जळलं, बाजूची भिंत तापत राहिली, तरी दिवा गप्प बसू शकतो. तो बिघडलेला नसतो, त्याला तेवढंच काम दिलेलं असतं. म्हणून दिवा असला तरी महिन्यातून एकदा गेज, म्हणजे दाब मोजायचं साधन, लावायचं, ही सवय सोडायची नाही.

दोन जाती: एक अंदाज बांधते, दुसरी मोजते

अप्रत्यक्ष यंत्रणेत टायरच्या आत काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकाला वेग मोजणारा सेन्सर असतोच, त्याचाच इथे वापर होतो. हवा कमी झालेलं चाक किंचित दबतं, त्याची फिरती त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला ते इतर चाकांपेक्षा थोडं जास्त फिरतं. हा फरक अगदी बारीक, टक्क्याच्या काही अंशांत असतो. म्हणून संगणकाला सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात बराच वेळ मोजणी करावी लागते. नव्या यंत्रणा याशिवाय चाकाच्या थरथरीची लयही तपासतात, कारण हवा उतरली की टायरच्या कंपनाची वारंवारता बदलते.

या पद्धतीत सेन्सरची बॅटरी संपणं नाही, टायर बदलताना सेन्सर फुटणं नाही. उणिवाही ओळखून असाव्यात. गाडी उभी असताना ही यंत्रणा काही सांगत नाही. चारही टायर सावकाश आणि सारखेच उतरले तर नुसती तुलना करणारी जुनी यंत्रणा फसते, कारण तुलनेला कोणी वेगळा उरतच नाही. एकाच बाजूला नवा टायर टाकला किंवा वेगळ्या मापाची स्टेपनी लावली की ती विनाकारण ओरडते. आणि किती दाब असायला हवा हे तिला मुळात ठाऊकच नसतं. तुम्ही रीसेट दाबता त्या क्षणी टायरात जी हवा आहे, तीच योग्य असं ती धरून चालते.

रीसेट घातक का, ते आता लक्षात येईल. २५ पीएसआयवर दिवा लागला आणि हवा न भरताच रीसेट दाबलं, तर २५ हाच यंत्रणेचा नवा पाया झाला. पुढचा इशारा त्याच्याही खाली, २० च्या आसपास येईल.

प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक सेन्सर बसवलेला असतो आणि तो दाब खरोखर मोजून रेडिओने कळवतो.

तुमच्या गाडीत कोणती आहे? पडद्यावर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर बहुधा प्रत्यक्ष. आकडे नाहीत, फक्त दिवा आणि रीसेटचं बटण असेल तर बहुधा अप्रत्यक्ष. नट लावलेला धातूचा व्हॉल्व्ह दिसला तर आत सेन्सर असण्याची शक्यता दाट आहे. रबरी व्हॉल्व्ह पाहून मात्र सेन्सर नाही असं धरू नका. रबरी व्हॉल्व्हला जोडलेले सेन्सरही भरपूर आहेत आणि टायरच्या दुकानात हेच न ओळखल्याने ते फुटतात. शंका असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

सेन्सरच्या पोटात काय असतं

काडेपेटीहून लहान, साधारण २० ते ४० ग्रॅमची ही डबी. आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, त्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. सोबत तापमान मोजणारा भाग, चाक फिरतंय की नाही हे ओळखणारा त्वरणमापक, एक छोटी चिप, रेडिओ प्रक्षेपक आणि ३ व्होल्टची लिथियम बॅटरी. हे सगळं राळेत ओतून बंद केलेलं असतं. म्हणूनच बॅटरी संपली की फक्त बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. राळ कोरून नवी बॅटरी डाखणारे लोक आहेत, पण ती डबी पुन्हा आधीसारखी हवाबंद करणं आणि चाकाचे धक्के सोसेल इतकी भक्कम करणं घरगुती साधनांनी जमत नाही.

धक्के म्हणजे किती, याचा एक हिशेब करून बघा. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर आणि सेन्सर चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर धरा. ताशी १०० किलोमीटरला त्या जागी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १७५ पट त्वरण येतं. ३० ग्रॅमचा सेन्सर त्या क्षणी पाच किलोंहून जास्त वजनाने बाहेरच्या दिशेला ओढत असतो, आणि हे सगळं पेलतो तो व्हॉल्व्हचा एक नट किंवा रबराचा एक गट्टू. पुढे नट नेमक्या जोराने आवळण्यावर भर दिला आहे तो यासाठी.

बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. गाडी चालू लागली, ताशी साधारण २० ते ४० किलोमीटरच्या पुढे गेली, की त्वरणमापक त्याला जागं करतो आणि तो मिनिटाला एकदा अशा बेताने निरोप पाठवतो. दाब झपाट्याने घसरला तर लगेच आणि पुन्हा पुन्हा पाठवतो. निरोपात त्याचा स्वतःचा आयडी, दाब, तापमान आणि बॅटरीची स्थिती असते. वारंवारता देशागणिक ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. याशिवाय १२५ किलोहर्ट्झचा संदेश ऐकणारी एक छोटी गुंडाळी आत असते. गॅरेजमधलं यंत्र टायरजवळ धरून सेन्सरला 'बोलतं' करतात ते तिच्यामार्फत.

यातून रोजच्या दोन कोड्यांची उत्तरं मिळतात. हवा भरली तरी पडद्यावर जुनाच आकडा दिसतो, कारण गाडी उभी आहे आणि सेन्सरने अजून नवा निरोप दिलेला नाही. दोन-चार किलोमीटर चालवा, आकडा बदलेल. दुसरं कोडं उंच घाटमाथ्यावरचं. सेन्सर निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब मोजतो आणि काही गाड्या त्यातून समुद्रसपाटीचा हवेचा दाब वजा करून आकडा दाखवतात. २,००० मीटर उंचीवर बाहेरची हवा सुमारे ३ पीएसआयने विरळ असते. त्यामुळे तिथे हातातलं गेज ३६ म्हणेल आणि पडदा ३३. तापमान सारखं असेल तर यात दोघांपैकी कोणीही नादुरुस्त नाही.

दिवा कसा लागला, ते आधी बघा

इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद लागून विझला, तर ती नेहमीची स्वतःची तपासणी. तेवढाही लागला नाही तर उलट काळजी करा.

लागला आणि स्थिर राहिला, तर किमान एका टायरात हवा कमी आहे. सुरक्षित जागी थांबून गेज लावा.

साधारण मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर बोलत नाही, चुकीचा बसवला आहे, किंवा निरोप घेणारा भाग बिघडला आहे. हा फरक न कळल्यामुळे लोक चारही टायरांत पुन्हा पुन्हा हवा भरत राहतात आणि दिवा काही जात नाही.

सकाळी लागतो आणि वीसेक मिनिटांनी आपोआप विझतो, हा प्रकार सगळ्यात फसवा. समजा ३३ पीएसआयच्या टायरातून दोन-तीन महिन्यांत, रबरातून नैसर्गिक झिरपून, ४ पीएसआय गेले. २५ अंश सेल्सिअसला तो २९ दाखवेल. पहाटे पारा ५ अंशांवर आला की तोच टायर २६ वर येतो आणि २६.४ ची मर्यादा ओलांडली म्हणून दिवा लागतो. गाडी चालली, टायर तापला, दाब वर गेला, दिवा विझला. लोक म्हणतात सेन्सर थंडीने बावचळतो. सेन्सर बरोबर सांगत होता; हवाच ४ पीएसआयने कमी होती, थंडीने ती फक्त उघडी पाडली. ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा तर तापमान साडेपाच ते सहा अंशांनी उतरलं की मोटारीच्या टायरातला दाब सुमारे १ पीएसआयने उतरतो.

हवा भरणं आणि रीसेट करणं

१. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या पट्टीवर असतो. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा हा टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा आहे. तो भरू नका. पट्टीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भाराचा एक. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात.

२. टायर थंड असायला हवा. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा दीड किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी. चालून आलेल्या टायरात दाब ३ ते ५ पीएसआयने चढलेला असतो. तो 'जास्त' दिसतो म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर तेवढाच कमी पडतो.

३. गरम टायरातच भरावी लागली, तर पट्टीवरच्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी थंडपणी मोजून नीट करा.

४. एककं तपासा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजेच १०० किलोपास्कल. २.३ बार म्हणजे ३३ च्या थोडं वर.

५. चारही चाकं एकाच गेजने मोजा. पंपावरच्या आणि तुमच्या गेजमध्ये एक-दोन पीएसआयचा फरक सहज पडतो. स्वतःचं एक बरं गेज गाडीत ठेवलं की हा गोंधळ संपतो. सेन्सरचा आकडा आणि गेज यांत १ पीएसआयच्या आसपासचा फरक असेल तर डोकं खाऊ नका.

६. स्टेपनी विसरू नका. काही गाड्यांत पूर्ण मापाच्या स्टेपनीतही सेन्सर असतो आणि डिकीत पडून असलेलं चाक दिवा पेटवतं.

७. व्हॉल्व्हला प्लास्टिकची टोपी, आत रबरी चकती असलेली, घट्ट लावा.

अप्रत्यक्ष यंत्रणा असेल तर यानंतर रीसेट करायचं: इग्निशन चालू, गाडी उभी, बटण दाबून धरायचं किंवा मेनूतून 'दाब साठवा' निवडायचं, दिवा लुकलुकेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत. नंतर यंत्रणा शिकायला वेळ घेते, वेगवेगळ्या वेगांत मिळून वीस मिनिटांपासून तासभर. या काळात तिच्यावर विसंबू नका. हवा भरल्यावर, चाकांची जागा बदलल्यावर, नवा टायर टाकल्यावर, सस्पेन्शनचं काम झाल्यावर रीसेट करावं. दिवा लागला म्हणून कधीच नाही.

एकच चाक वारंवार उतरत असेल

महिन्याला एखाद-दोन पीएसआय उतरणं स्वाभाविक आहे. आठवड्याला तेवढे जात असतील तर गळती आहे. बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घेऊन फवारा आणि या क्रमाने बघा: आधी व्हॉल्व्हचं तोंड, म्हणजे आतली पिन, मग व्हॉल्व्ह रिममध्ये शिरतो तो सांधा, मग टायरची नक्षी, गाडी थोडी पुढे घेऊन पूर्ण घेरा, शेवटी बीड, म्हणजे रिमवर बसलेली टायरची कड, दोन्ही बाजूंनी. घाई नको. बारीक गळतीचा फेस जमायला मिनिटभर लागतो आणि तो साबणाच्या साध्या फेसासारखा विरत नाही, मुंगीच्या अंड्यांसारखा बारीक बारीक वाढत राहतो.

तोंडातून बुडबुडे आले तर पिन हलक्या हाताने आवळून बघा, नाहीतर बदला. मुळातून आले तर सील गेलं आहे. बीडवरून आले तर रिमवर गंज किंवा जुना साबण-मळ साचला आहे. टायर उतरवून रिमची कड घासून घ्यावी लागेल.

बाटलीतून टायरात सोडायचं पंक्चर-द्रव वापरलं असेल तर ते टायरवाल्याला आधी सांगा. हा चिकट द्रव सेन्सरच्या दाब घेणाऱ्या छिद्रात जाऊन सुकतो आणि मग सेन्सर एकच आकडा धरून बसतो. सेन्सरला चालेल असं लिहिलेले द्रवही मिळतात, पण तेसुद्धा तात्पुरतेच. टायर लवकर उघडून आत पुसून काढलेला बरा. छिद्रात तार किंवा सुई घालू नका, मागेच तो नाजूक पडदा आहे.

व्हॉल्व्ह, टोपी आणि एक इवलीशी पिन

सेन्सर इलेक्ट्रॉनिक बिघाडाने जातात तसेच धातूच्या क्षुल्लक भांडणानेही जातात. सेन्सरचा धातूचा व्हॉल्व्ह बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन टाकली की ओल आणि खारटपणा यांच्या संगतीने दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पिन आत जाम होते. मग ती काढायला जोर लावला की व्हॉल्व्ह पिरगळून तुटतो आणि त्यासोबत धडधाकट सेन्सर कचऱ्यात जातो. म्हणून यात निकेलचा मुलामा दिलेली, चंदेरी दिसणारी पिनच घालायची. सोनेरी पितळी नाही. चमकदार धातूच्या शोभेच्या टोप्याही याच कारणाने टाळा.

टोपी जाम झालीच असेल तर गंज सोडवणारं तेल लावून बराच वेळ थांबा. व्हॉल्व्हचा दांडा कापड गुंडाळून पकडीने स्थिर धरा आणि टोपीच तेवढी फिरवा. दांडा फिरू लागला तर थांबा.

टायर बदलताना दर वेळी सेन्सरची सर्व्हिस किट बदलायला सांगा. धातूच्या व्हॉल्व्हसाठी त्यात रबरी सील, वॉशर, नट, पिन आणि टोपी येते. रबरी व्हॉल्व्ह असेल तर व्हॉल्व्हच नवा लावतात, सेन्सरची डबी तीच राहते. जुनं सील पाच-सहा वर्षं दाबून चपटं झालेलं असतं. एकदा सैल केल्यावर ते पुन्हा नीट बसेल याची खात्री नाही.

सेन्सर बदलण्याचं काम, पायरीपायरीने

हे टायरच्या मशिनवरचं काम आहे, पण नीट होतंय का हे उभं राहून बघता येतं.

टायर उतरवण्याआधी यंत्राने चारही सेन्सर वाचून आयडी, दाब, बॅटरी लिहून घ्या. कामाआधी कोणता जिवंत होता हे नोंदलेलं असलं की नंतर वाद होत नाही.

पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. बीड सोडवणारा फावड्यासारखा दट्ट्या व्हॉल्व्हपासून दूर, शक्यतो समोरच्या बाजूला लावायचा; टायरच्या दोन्ही अंगांना. सेन्सर फुटण्याची ही सगळ्यात नेहमीची जागा. मशिनचं डोकं आणि लोखंडी पहार सेन्सरवर येणार नाहीत अशी चाकाची सुरुवात ठेवायची. टायर चढवताना बीडचा शेवटचा, सगळ्यात ताणलेला भाग सेन्सरवरून सरकायला नको. आत लावायचं वंगणही सेन्सरच्या छिद्रावर फासलं जाणार नाही एवढं बघा.

जुना सेन्सर काढल्यावर रिमचं भोक स्वच्छ करा. सामान्य मोटारीत ते सुमारे ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. कडेला पांढरा गंज असेल तर तो घासल्याशिवाय नवं सील धरणार नाही. नवा सेन्सर रिमच्या तळाला लागून, पण न घासता बसला पाहिजे. तो वर डोकावत राहिला तर पुढच्या वेळी बीड त्याला चिरडेल.

नट टॉर्क पान्यानेच आवळा. बनावटीप्रमाणे तो ४ ते ८ न्यूटन-मीटर असतो; नेमका आकडा सेन्सरच्या पाकिटावर असतो. हा जोर फारच थोडा आहे. चाकाच्या नटांना सवयीने जोर लावणारा हात इथे सील फाडतो किंवा दांडा तोडतो. पिनला तर अर्ध्या न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतो. हवा भरल्यावर मुळाशी बुडबुडे दिसले तर नट आणखी आवळून गळती दाबू नका. हवा काढा, सील तपासा, नवं लावा.

शेवटी चाकाचं बॅलन्सिंग. नवा सेन्सर जुन्याच्याच वजनाचा असेल असं नाही, आणि दहा-पंधरा ग्रॅमचा फरक वेगात स्टीअरिंगला जाणवतो.

कोणता सेन्सर घ्यावा, आणि गाडीशी ओळख

तीन वाटा आहेत. गाडी बनवणाऱ्याचा मूळ भाग, त्याच मॉडेलसाठी तयार आलेला पर्यायी, आणि रिकामा, म्हणजे यंत्राने हवा तो आयडी आणि भाषा भरता येणारा. तिसरा प्रकार सोयीचा आहे, कारण त्यात जुन्या सेन्सरचाच आयडी उतरवता येतो. मग गाडीला काही बदललं हेच कळत नाही आणि पुन्हा शिकवावं लागत नाही. त्यासाठी जुना आयडी हाताशी हवा. मेलेल्या सेन्सरचा आयडी बऱ्याचदा डबीवर छापलेला असतो, तो फेकण्याआधी फोटो काढा. वारंवारता जुळली पाहिजे. ३१५ चा सेन्सर ४३३ च्या गाडीत कधीच बोलणार नाही, दिसायला सारखा असला तरी.

आयडी नवे असतील तर गाडीला ते शिकवावे लागतात. काही गाड्या आपसूक शिकतात: पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवून मग तेवढाच वेळ ताशी ३०-४० च्या वर चालवली की झालं. काहींना उभ्या उभ्या शिकण्याच्या स्थितीत आणून, यंत्र एकेका टायरच्या बाजूला व्हॉल्व्हजवळ धरून सेन्सर जागा करावा लागतो. क्रम बहुधा पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. प्रत्येक चाकाला हॉर्नची पोच मिळते. उरलेल्या गाड्यांत ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या खोबणीतून, आयडी थेट लिहितात. चाकांची अदलाबदल केल्यावर काही गाड्यांत हेच पुन्हा करावं लागतं. नाहीतर हवा मागच्या चाकाची जाते आणि पडदा पुढचं लाल करतो.

यंत्राला उत्तर आलं नाही म्हणून सेन्सर लगेच मेलेला ठरवू नका. यंत्राचा अँटेना धातूच्या रिमवर नाही, रबरावर टेकवा, जागा थोडी बदला, शेजारी ठेवलेली इतर चाकं दूर न्या. जुने काही सेन्सर हवा थोडी सोडल्यावरच जागे होतात.

बॅटरीचे दिवस आणि खोटे बिघाड

सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते. जास्त चालणाऱ्या गाडीत लवकर संपते. संपताना ती एकदम जात नाही. थंड सकाळी दिवा लुकलुकतो, दुपारी ठीक असतो, कारण थंडीत लिथियम बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं. चारही सेन्सर एकाच दिवशी बसवलेले असतात, त्यामुळे आठव्या वर्षी एक गेला तर बाकीचे फार मागे नाहीत. टायर बदलायला आलेच असतील तर त्याच वेळी चारही बदलणं शहाणपणाचं. प्रत्येकासाठी टायर वेगळा उतरवण्याची मजुरी वाचते. सेन्सर तिसऱ्या वर्षीच गेला असेल तर मात्र तेवढा एकच बदला.

चारही चाकांचे आकडे एकाच वेळी गेले तर चार सेन्सर एकदम मेले असं मानू नका. निरोप घेणारा भाग, त्याचा फ्यूज किंवा वायर बघा. त्याआधी सिगारेट-सॉकेटमधला चार्जर, डॅशकॅम, इन्व्हर्टर काढून एक दिवस चालवा. स्वस्त चार्जर त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात. काचेवर नुकतीच धातूमिश्रित फिल्म लावली असेल तर तीही संशयात घ्या.

बाहेरून लावायचे टोपी-सेन्सर

मूळ यंत्रणा नसलेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे सेन्सर मिळतात. बटणासारखी छोटी बॅटरी घरच्या घरी बदलता येते, पडदा डॅशबोर्डवर चिकटवला की काम झालं. बसवायला दहा मिनिटं लागतात, पण एक गोष्ट लक्षात घ्या: हा सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून धरतो. म्हणजे टायरची हवा आता पिनेने नाही, सेन्सरच्या रबरी चकतीने अडवलेली आहे. चकती वाकडी बसली, वाळूचा कण अडकला, की चांगला टायर रात्रीत बसतो. म्हणून बसवल्यावर प्रत्येक ठिकाणी साबणाचं पाणी लावा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा.

दुसरा धोका वजनाचा. आठ-दहा ग्रॅम जुन्या, लांब रबरी व्हॉल्व्हच्या टोकाशी लटकले की तो चाकासोबत मुळातून वाकत राहतो आणि तिथे चिरतो. व्हॉल्व्हचं मूळ बोटाने वाकवून बघा; बारीक भेगा दिसल्या तर आधी व्हॉल्व्ह नवा, शक्यतो धातूचा आणि आखूड. सेन्सरसोबत आलेला चोरी रोखणारा नट लावला तर त्याचा छोटा पाना स्टेपनीजवळच बांधून ठेवा. नाहीतर पंक्चर झाल्यावर भर रस्त्यात हवा भरायला व्हॉल्व्हच मोकळा करता येत नाही.